तनूची जुनी चाल

लोहा, ११ फेब्रुवारी २०२४

वहिनी,

तनूचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. आधी एवढंच लिहून टाकतो, कारण मला मध्येच भलतीकडं जायची खोड आहे आणि तोवर तुम्ही जीव मुठीत धरून बसाल.

उजव्या खुब्याचं होतं. नांदेडला, जानेवारी सरताना. तुम्हाला कुणी कळवलंच नाही, हे मला काल कळलं. मला वाटलं दादानं कळवलं असेल. दादाला वाटलं आई कळवील. आईला विचारलं तर म्हणाली, "तिला कशाला? आली असती अन् दवाखान्यात तमाशा केला असता." मग मी सुदर्शनभाऊंना फोन लावला. त्यांनी माझा आवाज ओळखला आणि कट केला. परत लावला तर लागेचना. भावानं बहिणीसाठी राग धरला त्यात चूक काय? लेकराचा खुबा दाखवा म्हणून भांडलात, तर दादानं तुम्हाला उदगीरच्या गाडीत बसवून दिलं आणि लेकरू इकडं ठेवून घेतलं, ते काय विसरण्यासारखं आहे? म्हणून हे पत्र. नववी सोडल्यावर मी एवढं कधी लिहिलं नाही, अक्षर चालवून घ्या.

तुम्ही सांगत होतात तेच निघालं. तनूच्या खुब्यातला गोळा वाटीत कधी बसलेलाच नव्हता. अंगणवाडीत तपासायला गाडी आली होती, त्या डॉक्टरांनी तिला दोनदा चालायला लावलं आणि नांदेडला पाठवलं. तिथं लेकरांचे व्यायाम करून घेणाऱ्या धम्मप्रिया मॅडम आहेत. ऑपरेशनच्या आधी आम्ही त्यांच्याकडं गेलो होतो, मी, आई आणि तनू. मॅडमनी विचारलं, "जन्मताना पाय आधी आले होते का हिचे?"

आईनं पदर सावरला. "हाव. पायाळू हाय आमची तनू. कुणाच्या पाठीत उसण भरू द्या, कंबर धरू द्या, हिनं पाठीवर पाय दिला की माणूस उठून चालतंय. कंधारपासून लोक येतेत."

"आणि हिचा स्वतःचा खुबा?"

आई तनूचा फ्रॉक नीट करायला लागली.

"आजी, पाय आधी आलेल्या लेकरांचे खुबे जन्मल्याबरोबर बघायचे असतात. तेव्हाच बघितलं असतं तर नुसत्या पट्ट्यावर भागलं असतं. अख्ख्या गावानं पाय बघितला, खुबा कुणीच बघितला न्हाई?"

"हिच्या आईनं बघितला होता," मी म्हणालो. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता माझ्याच पाठीत उसण भरणार.

आता तनू प्लास्टरमध्ये आहे. छातीपासून खाली, उजवा पाय पावलापर्यंत, डावा गुडघ्यापर्यंत, आणि दोन्ही पायांच्या मध्ये आडवी काठी. त्या काठीला धरून उचलू नका म्हणाले, तरी अण्णा नातीला उचलताना काठीच धरायला जातात. तिला भरवणं, कूस बदलणं, खालचं सगळं मीच करून राहिलो. बाकीची शेतात असतात आणि मला नाहीतरी काम नाही. ती रडत नाही. तुमच्याबद्दल विचारते का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल. विचारत नाही. पण बाज दाराकडं तोंड करून ठेवा म्हणते.

अंगद


लोहा, १७ मार्च

वहिनी,

उत्तर आलं नाही. मी वाटही बघत नव्हतो. म्हणजे बघत होतो.

मध्ये अर्धापूरला जाऊन आलो, केळीच्या गाड्या भरायला माणसं कमी होती. तुम्हाला मालूम आहे का, घड खांद्यावर घ्यायचा तर दांडा मागच्या बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर चीक मानेवर उतरतो आणि तो डाग शर्टातून कधीच जात नाही. तिथं एक बिहारी पोरगं होतं, ते घड घेऊन धावायचं, अक्षरशः धावायचं, आणि एकही केळ पडायचं नाही. मी त्याला विचारलं हे कुठं शिकला, तर म्हणाला... जाऊ द्या. सांगायचं होतं ते हे नव्हे.

सांगायचं की नाही यात आठ दिवस गेले.

अण्णांची पाठ धरली होती. तुम्हाला माहीत आहे, त्यांची दरवर्षी हरभऱ्याच्या काढणीत धरते. दुपारची वेळ, लाईट गेलेली, ओसरीतल्या शहाबादी फरशीवर ते उघड्या अंगानं पालथे पडले होते. मी तनूपाशी बसून तिला चिंचोके मोजायला शिकवत होतो. आई चुलीपाशी. दुसरं कुणी घरात नव्हतं.

अण्णा म्हणाले, "कोणाचं लेकरू चढलंय रे माझ्यावर? उतर म्हण. न्हाई, राहू दे, राहू दे."

मी म्हणालो, "अण्णा, कुणी न्हाई."

"कसं न्हाई? जड-हलकं, जड-हलकं. मला काय तनूचा पाय मालूम न्हाई का?"

तनू माझ्या समोर होती. छातीपर्यंत प्लास्टर.

थोड्या वेळानं अण्णा उठले, दोन्ही हात वर करून आळस दिला आणि चहा न घेता रानात गेले. पाठ मोकळी झाली होती.

वहिनी, मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. मला वाटलं म्हातारं झोपेत होतं. पण अण्णांनी पारावर सांगितलं, आणि दोन दिवसांनी किराणावाला शिवम पाठ धरून आला. मी त्याला म्हणालो, "पोरगी प्लास्टरात हाय." तो म्हणाला, "मला पोरीशी काय करायचंय? पोरगी बाजेवर अन् गुण ड्युटीवर!" आणि शर्ट काढून फरशीवर पालथा झाला.

आता रोज येतात. ऊन डोक्यावर आलं की येतात, ओसरीत जागा धरतात, जागा संपली की अंगणात लिंबाखाली पोती टाकतात. बाया घोंगडी टाकून आत, बाप्ये बाहेर. सगळे पालथे. कुणी बोलत नाही. एवढी माणसं एका जागी आणि खोकल्याचाही आवाज नाही, असं मी दुसरीकडं कुठंच बघितलेलं नाही. कबुतरं ओसरीत उतरतात, त्यांच्या मधून चालतात. आणि मग कुणीतरी एकजण तोंड जमिनीकडंच ठेवून श्वास सोडतो आणि म्हणतो, "आलं."

मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा.

मला आवाज ऐकू येतो. उघड्या पायाचा. एक पाऊल थप्प पडतं आणि दुसरं घासत येतं. तुम्हाला काय सांगायचं, त्या आवाजामागं तुम्ही दोन वर्षं घरभर फिरला आहात. तसाच आहे. जराही बदल नाही.

मी तनूला हळूच विचारलं, "तुला ऐकू येतंय?"

"हाव."

"कोण हाय ते?"

"माझी चाल."

"अगं, तू तर हितं हायस."

"मी हितं हाय. तिला आजीनं बाहेर थांब म्हणलंय."

आणि परत चिंचोके मोजायला लागली. पाचाच्या पुढं ती नेहमी सातावर जाते.

आईला विचारलं. आई म्हणाली, "लेकराचं काय मनावर घेतूस? जा, पाणी शेंद."

अंगद


नांदेड, २१ एप्रिल

वहिनी,

प्लास्टर कापलं, मार्च सरताना. कापायचं यंत्र लई आवाज करतं, बाकीची लेकरं किंचाळत होती, तनू छताकडं बघत होती. आतून पाय निघाला तो तुरीच्या काटकीसारखा. कातडी पांढरी, पापुद्रे सुटलेले. आईनं तोंडाला पदर लावला. धम्मप्रिया मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका, प्लास्टरात सगळ्यांचेच असे होतात. मांस वापरलं की परत येतं." एक्स-रेच्या फोटोत गोळा वाटीत बसला आहे. मला दाखवला. खरंच बसला आहे, मुसळ उखळात बसावं तसा.

तेव्हापासून मी आणि तनू नांदेडला खोली घेऊन राहतो. रोज सेंटरला जातो. तिथं काय काय असतं सांगू? मोठे रबरी चेंडू आहेत, त्यावर लेकरांना पालथं घालून डोलवतात. दोन समांतर दांड्या आहेत, मध्ये आरसा. एक ड्रायव्हर येतो, त्याचा खांदा गोठलाय, तो भिंतीवर बोटं चालवतो, मुंगी चढल्यासारखी, आणि प्रत्येक वेळी मॅडमला शिव्या देतो. मॅडम म्हणतात, "द्या, द्या, शिवी देताना हात दोन बोटं वर जातो तुमचा." एक मुलगी आहे, तिच्या पाठीचा कणा नदीसारखा वळलाय. ती पट्टा घालून येते आणि सगळ्यांत जास्त हसते.

तनू सगळं करते. टाच गादीवर घासत पाय जवळ घ्यायचा, करते. कंबर उचलून पूल करायचा, करते. कुशीवर होऊन वरचा पाय उचलायचा, दुखतं तरी करते. मॅडम म्हणाल्या, ताकद आली. सांध्यात हालचाल आली. आता उभं राहायचं.

आणि उभी राहत नाही.

दांड्यांच्या मध्ये ठेवलं की पाय पोटाशी घेते. मॅडमनी चॉकलेट दाखवलं, रागावल्या, स्वतः खाली बसून बघितलं. "दुखतं का?"

"न्हाई."

"पडशील म्हणून भीती वाटते?"

"न्हाई."

"मग चाल की, बाई."

तनू आरशात बघत म्हणाली, "चाल न्हाई माझ्याजवळ."

मॅडम हसल्या. मग माझ्याकडं बघितलं आणि त्यांचं हसू गेलं, कारण माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "अंगद, लेकरं एवढ्या मोठ्या प्लास्टरनंतर हट्ट करतात, मी बघितलेत. पण हे लांबलं तर बरं न्हाई. पायावर भार पडला न्हाई तर हाड विरविरीत होतं, खुबा आखडतो. ऑपरेशन करून हातात काहीच राहायचं न्हाई. महिना-दीड महिना धरून चला."

त्या रविवारी मी गावाकडं गेलो. दुपारी अंगणात माणसं पालथी पडलेली. ऊन उतरलं तरी कुणी "आलं" म्हणालं नाही. एकेक जण उठला, पाठीत वाकलेलाच, पोतं झटकलं आणि गेला. शिवम म्हणाला, "तीन-चार दिवस झाले असंच चाललंय, सुट्टीवर गेलीय काय तुमची?" पण त्याला स्वतःलाही हसू आलं नाही.

मग मी आईला चुलीपाशी धरलं. सोडलंच नाही. तेव्हा तिनं सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिच्या मनानं घेतलं, डॉक्टर खुबा कापणार, त्यात गुण कापला गेला तर? महालक्ष्म्यांना आपण कुंकवाच्या पावलांनी आत आणतो ना, दारापासून देवघरापर्यंत? आईनं ते उलटं केलं. अशी रीत कुठं नाही वहिनी, कुणी सांगितलीही नाही, तिनंच काढली. कुंकवाचं पाणी ताटात घेतलं, तनूचे पाय त्यात बुडवले आणि तिला देवघरापासून चालवत दाराबाहेर नेलं, लिंबापर्यंत. तिथं हात जोडून म्हणाली, "माय, पोरीला हात लावणार हायती. तू जरा बाहेर थांब. मग नेऊ तुला आत." आणि तनूला तिथून उचलून आणलं. पाय पुसले.

"मग आत आणलं का?"

"कशी आणू? पोरगी प्लास्टरात. चालल्याबिगर पावलं उठतेत काय?" आणि मग रडायला लागली. "मी तिला ऱ्हा म्हणले रे. जा कुठं म्हणले?"

नांदेडला परत आल्यावर मी तनूला विचारलं, "तुझी चाल कुठं गेली?"

ती म्हणाली, "थांबून थांबून कटाळली. आईकडं गेली."

वहिनी, म्हणून विचारतो. मला येडा म्हणा. दुपारचं तुमच्याकडं कुणी येतं का?

अंगद


नांदेड, १९ मे

वहिनी,

मी उदगीरला आलो होतो. मंगळवारी. तुम्हाला कळू दिलं नाही.

गाडी अहमदपूरला पंक्चर झाली, तिथं एका माणसानं मला त्याची पूर्ण जमीन कशी गेली ते सांगितलं, उतरताना पत्ता पण दिला, कशाला कोण जाणे. उदगीरला पोचलो तेव्हा भर दुपार. तुमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. सगळ्यांची दारं लावलेली आणि तुमचं तेवढं सताड उघडं. उन्हाच्या झळा आत जात होत्या.

समोरच्या ओट्यावर बसम्मा बसल्या होत्या. मला ओळखलं नाही त्यांनी. पत्ता विचारल्यासारखं केलं तर तोंडावर बोट ठेवलं. "आता नको. कूसु बंतु."

मला कानडी येत नाही. त्यांनीच मग मराठीत सांगितलं, "लेकरू आलंय तिचं. रोज येतंय याच टायमाला. ती दार उघडं ठेवतीय, पाणी ठेवतीय. सुदर्शनला म्हणती उकडतंय म्हणून उघडं ठेवलं. उकडतंय म्हणून कोण दार उघडतंय रे ह्या उन्हात?"

"तुम्ही बघितलं लेकरू?"

"बघायला काय हाय तिथं," बसम्मा म्हणाल्या. "ऐकू येतंय की."

मी उंबऱ्यापर्यंत आलो. तुम्ही फरशीवर पालथ्या होतात, हातावर गाल ठेवून, तोंड पलीकडं. मला वाटलं झोपलात. तुमचं निळं लुगडं पाठीवर सरळ होतं. मग ते कमरेजवळ दबलं. लहान पावलाएवढं दबलं, खोल. ते वर आलं आणि त्याच्या शेजारी दुसरं दबलं, कमी. मग पुढं. जड-हलकं. मी खांद्यापर्यंत बघितलं. खांद्यापाशी आल्यावर तुम्ही हसलात, वहिनी. गुदगुल्या झाल्यासारखं. "पडशील," म्हणालात. "हळू."

मी पळालो. बसस्टँडपर्यंत पळालो, चप्पल तुमच्या दाराशीच राहिली. ती माझी आहे.

गाडीत बसल्यावर डोकं ठिकाणावर आलं. आणि मला तुमचा राग आला नाही, हे आधी सांगतो. दोन वर्षं तुम्हाला लेकराचा फोटोसुद्धा कुणी पाठवला नाही. त्यात हे दारात आलं. मी तुमच्या जागी असतो तर मीही दार उघडं ठेवलं असतं, भिंत पाडून ठेवली असती.

पण इकडं तनू उभी राहत नाही. परवा मॅडमनी पाय मोजला, मांडी भरायची तिथं पुन्हा उतरली. खुबा आखडायला लागलाय. रोज सकाळी तनू दांड्यांमध्ये बसते, आरशात बघते आणि दाराकडं बघते. मॅडम आता रागावतसुद्धा नाहीत. काल त्या मला म्हणाल्या, "मला कळून नाही राहिलं." एवढं शिकलेलं माणूस असं म्हणालं की पायाखालची जमीन सरकते. आई महालक्ष्मीच्या कुंकवानं लिंबापासून देवघरापर्यंत स्वतःच्या हातानं पावलं काढत आली, मुठीनं काढतात तशी. सगळं घर लाल झालं. काही झालं नाही. हातानं काढलेल्या पावलांवरून कोण चालतं?

दादाला म्हणालो, "वहिनीला घेऊन ये. आपल्यानं होत न्हाई." तो म्हणाला, "तिला यायचं तर यावं. मी काय दार लावलंय?" दादा दिवसभर मोटारीच्या वायरी सोलत बसतो आणि त्या परत गुंडाळून ठेवतो.

आई म्हणते ती चाल परत घरात आली पाहिजे. मला ते पटत नाही. ती जुन्या खुब्याची चाल आहे. नव्या खुब्यात ती बसेल का? बसली तर तो परत निसटेल का? हे मी मॅडमना कसं विचारू?

मला एवढंच कळतं, तुमच्याकडं आहे तोवर तनूकडं काही नाही. तुम्ही तिला सोडा, नाहीतर तुम्ही या. दोन्हीपैकी काहीतरी करा, वहिनी. तुम्हाला सोड म्हणायचा आमच्या घरातल्या कुणालाही अधिकार नाही, मलाही नाही. तरी म्हणतो.

अंगद


लोहा, ९ जून

वहिनी,

तनू चालली.

बुधवारी. सेंटरमध्ये दुपारी बारा वाजता आमची पाळी असते. ती दांड्यांमध्ये बसली होती, मी बाहेर त्या खांदेवाल्या ड्रायव्हरशी गप्पा मारत होतो. मॅडमनी हाक मारली. आत गेलो तर तनू उभी. दांड्या धरलेल्या नाहीत. आरशाकडं निघाली, आरशापाशी पोचली, वळली आणि परत आली. लचक नाही. आवाज नाही. दोन्ही पावलं सारखी.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी तिला परत चालायला लावलं, आणि परत. आणि हळूहळू कपाळावर आठी आली. "ही कुणाची चाल शिकली?" मला म्हणाल्या. "प्लास्टरातून उठलेली पाच वर्षांची लेकरं अशी चालत न्हाईत. ती धडपडतात, फताड्या पायांनी चालतात. ही बघा की, किती जपून पाऊल टाकते."

मी बघत होतो. घरात कुणी झोपलंय म्हणून टाकावं तसं ती पाऊल टाकते. टाच आधी, अलगद. आणि डाव्या हातानं फ्रॉकची कड जरा वर धरते. निऱ्या पायात येऊ नयेत म्हणून धरतात तशी.

मॅडम म्हणाल्या, "कुणाचं तरी बघून शिकली असंल." मी हो म्हणालो. तिनं तुम्हाला शेवटचं बघितलं तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती.

त्याच संध्याकाळी सुदर्शनभाऊंचा फोन. त्यांनी स्वतःहून केलेला पहिलाच. "तुम्ही लोकांनी काय केलं माझ्या बहिणीला? दुपारी दार लावून आत बसली. बसम्मानं दाराबाहेरून ऐकलं, कुणाला तरी म्हणत होती, 'तू राहा माझ्यापाशी. माझी घेऊन जाऊ दे तिला.' दार उघडलं तर उजवा पाय ओढत बाहेर आली. पडली न्हाई, झडली न्हाई. अन् आता घरभर तशीच हिंडती. एक पाय थप्प, एक घासत." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "अन् रडत न्हाई. उलट बरी दिसती."

मी सोडा म्हणालो होतो, वहिनी. असं द्या म्हणालो नव्हतो.

तनूला परवा गावाकडं आणलं. अंगणात आता कुणी पालथं पडत नाही. एकदोघं आले, तिला चालताना बघितलं आणि पाठ धरूनच परत गेले. आई तिच्यासमोर आवाज चढवत नाही. काल तनू चुलीपाशी गेली तर आई नकळत बाजूला सरली आणि जागा दिली. मग स्वतःच्या हाताकडं बघत बसली.

आणि दादा. दादा काल अंगणात वायरी सोलत बसला होता, दाराकडं पाठ करून. तनू आतून निघाली. मी ओसरीत होतो. ती त्याच्या मागं जाऊन थांबली. दादानं मान वळवली नाही, काम चालू ठेवलं आणि म्हणाला, "गीता, पकड दे जरा."

दोन वर्षांत त्याच्या तोंडून तुमचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. रोज घेत असावा तसं घेतलं.

तनूनं पकड उचलून त्याच्या हातात दिली. त्यानं तो बारका हात बघितला. मग वर बघितलं. मग मला विचारलं, "ती कधी आली?"

मी म्हणालो, "न्हाई आली, दादा."

तो तिथंच बसून राहिला. तनू त्याच्या शेजारी बसली, पदर सावरतात तसा फ्रॉक सावरून. अंधार पडल्यावर त्यानं मला विचारलं, "उदगीरला पहिली गाडी कधी असती?" उद्या निघतोय तो. तनूला घेऊन. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता आज संध्याकाळच्या गाडीवाल्याजवळ देतो, त्याच्या आधी पोचेल.

दोन गोष्टी तुम्हाला सांगून ठेवतो. एक, मॅडम म्हणाल्यात, लेकराच्या आईला कधी आणलं तर भेटवा, मोठ्यांचेही खुबे बघते मी. मी त्यांना काही सांगितलेलं नाही, त्या आपल्या सहज बोलल्या. तुमच्या फोटोत काही निघेल असं मला वाटत नाही. पण त्यांच्याकडं जाऊ आपण. त्या शिव्या खाऊन घेतात आणि हात वर करायला लावतात, हे मी स्वतः बघितलं आहे.

दुसरी जास्त महत्त्वाची. तनू चालते, जिने चढते, पाटावरून उतरते. पण पळत नाही. शेजारची पोरं लिंबाभोवती शिवाशिवी खेळतात, ती कडेला उभी राहून बघते, फ्रॉकची कड धरून. मी म्हणालो, पळ की. ती म्हणाली, "पळायचं कसं असतं?" आमच्या घरात तुम्ही कधी पळालात? कुणी पळू दिलं? तिच्याकडं जे आलं ते तेवढंच आहे. त्याच्या आधीचं, लहानपणी उदगीरच्या गल्लीत पळालात ते, तुमच्याकडंच राहिलं असणार. ते तिला द्यायला तुम्हालाच यावं लागेल. पाय ओढत आलात तरी चालेल. आता ह्या घरात त्या आवाजाला कुणी नावं ठेवणार नाही.

दादाला तुमच्या पायाचं मी काही सांगितलेलं नाही. तो दाराशी येऊन हाक मारेल आणि तुम्हाला सवयीनं पाणी घेऊन उठावंसं वाटेल. उठू नका, वहिनी. आतपर्यंत त्यालाच चालत येऊ द्या.

अंगद